फोनचं अपडेट कुठे अडकतं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ या भागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: फोन चांगला आहे, कंपनी मोठी आहे, मग साधी चूक दुरुस्त व्हायला सहा महिने का लागतात? याचं उत्तर यंत्रात थोडं आणि कंपनीच्या कारभारात जास्त सापडतं. दुरुस्ती पुष्कळदा तयार असते. ती बाहेर सोडायची कुणी, हे ठरत नाही.

१. अपडेट म्हणजे नेमकं काय? माझ्या फोनमध्ये शेवटचं कधी आलं ते कसं बघू?

अँड्रॉइड फोनमध्ये तीन वेगळ्या गोष्टींना लोक अपडेटच म्हणतात. पहिली म्हणजे अँड्रॉइडची नवी आवृत्ती, जसं १४ वरून १५. दुसरी सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारी दुरुस्ती. तिसरी गूगल प्ले सिस्टीम अपडेट. ही फोन कंपनीला वळसा घालून थेट गूगलकडून येते.

बघण्यासाठी सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि 'अँड्रॉइड व्हर्जन' किंवा 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'वर जा. काही फोनमध्ये हेच 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी'खाली असतं. तिथे सिक्युरिटी पॅचची तारीख दिसेल. ही तारीख अपडेट टाकल्याची नसते, दुरुस्त्या कोणत्या महिन्यापर्यंतच्या आहेत त्याची असते. तारीख १ असेल तर त्या महिन्याच्या मूळ अँड्रॉइडमधल्या दुरुस्त्या आल्या. ५ असेल तर त्यांच्यासोबत कर्नेल (प्रणालीचा गाभा) आणि चिपच्या भागातल्याही आल्या. चार महिन्यांहून जुनी तारीख दिसली तर पुढची उत्तरं तुमच्यासाठीच आहेत.

२. गूगलनं अँड्रॉइड काढलं की सगळ्यांना लगेच का मिळत नाही?

कारण ते तुमच्या फोनसाठी बनलेलं नसतं. गूगल मूळ कोड देतं. क्वालकॉम, मीडियाटेक, युनिसॉक यांसारख्या चिप कंपन्या तो आपल्या चिपवर चालेल असा करून देतात. फोन कंपनी त्यावर स्वतःचं रूप, कॅमेरा आणि अ‍ॅप चढवते. मग गूगलच्या ठरलेल्या चाचण्या पास कराव्या लागतात, नाहीतर प्ले स्टोअरसह फोन विकता येत नाही. काही ठिकाणी सिम कंपनीचीही तपासणी असते. या साखळीतली एक कडी थांबली की मागचं सगळं थांबतं.

एक उदाहरण सॅमसंगचं आहे. अँड्रॉइड १५ गूगलच्या पिक्सेल फोनना ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालं. सॅमसंगच्या आधीच विकलेल्या फोनना ते वन यूआय ७ या रूपात एप्रिल २०२५ पासून मिळू लागलं, आणि वाटप सुरू झाल्यावर गंभीर दोष सापडल्यानं मध्ये थांबवावंही लागलं.

सिक्युरिटी पॅचच्या बाबतीत मात्र 'आम्हाला उशिरा कळलं' ही सबब चालत नाही. गूगलनं ऑगस्ट २०१५ पासून मासिक पत्रक सुरू केलं, आणि त्यातल्या दोषांची माहिती फोन कंपन्यांना पत्रकाच्या किमान महिनाभर आधी दिली जाते. त्यामुळे पॅच तीन महिने उशिरा आला, तर कंपनीला खरं म्हणजे चार महिने मिळाले होते.

३. कंपनीच्या आत नेमकं कुठे अडकतं?

समजा, कॉल चालू असताना स्क्रीन काळी होऊन परत येत नाही, अशी तक्रार आहे. ती नोंदवली जाते. मग ती कुणाची यावर वाद होतो. डायलर करणारा विभाग म्हणतो सेन्सरचा दोष, सेन्सरवाला म्हणतो चिप कंपनीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तक्रार तीन टेबलं फिरून पहिल्यावर परत येते. ज्याच्या नावावर ती राहील त्याच्या विभागाचे आकडे बिघडतात, म्हणून प्रत्येक जण ती पुढे ढकलतो. इथेच सर्वांत जास्त दिवस जातात. प्रत्यक्ष कोड दुरुस्त करायला कधी कधी दोन तास पुरतात.

दुरुस्ती झाल्यावर शाखांचा प्रश्न येतो. कंपनीचे १२ मॉडेल आहेत, प्रत्येकाची ४ प्रदेशांसाठी वेगळी आवृत्ती आहे आणि त्यातही सिम कंपनीनुसार २ प्रकार आहेत असं धरा. एकच दुरुस्ती ९६ ठिकाणी टाकायची आणि ९६ ठिकाणी तपासायची. इतके प्रकार तंत्रज्ञानाची गरज म्हणून झालेले नसतात. विक्री विभागानं प्रत्येक दुकानसाखळीला आणि देशाला 'खास मॉडेल' कबूल केलेलं असतं. त्या सौद्यावर सही करताना सॉफ्टवेअरच्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि त्याचा भार मात्र पुढची चार वर्षं त्याच्यावर राहतो.

त्यानंतर बदल मंजूर करणारी समिती. ती आठवड्यातून एकदा बसते आणि एक सदस्य रजेवर असला की विषय पुढच्या आठवड्यात जातो. नव्या फोनच्या लाँचची तारीख जवळ आली की जुन्या फोनची माणसं तिकडे वळवली जातात. विकलेल्या फोनच्या दुरुस्तीतून त्या तिमाहीत पैसा येत नाही, त्यामुळे बैठकीत तिची बाजू मांडायला वजनदार माणूस नसतो. आमच्या मते ही सर्वांत मोठी अडचण आहे. बाकीच्या अडचणी पैसे टाकून सुटू शकतात.

४. मग इतके टप्पे हवेतच कशाला? थेट सोडून द्यावं ना!

काही टप्पे हवेतच. सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. जेकार्ड मागाच्या पत्त्यात एक भोक चुकलं तर ती चूक एका चादरीत राहत नाही, त्या पत्त्यावर विणलेल्या प्रत्येक चादरीत उमटते. फोनचं अपडेट एका रात्रीत लाखो फोनमध्ये जातं. ११२ वर लावलेला आपत्कालीन कॉल जोडला जातो का, कुलूप उघडतं का, बॅटरी तापते का, हे तपासल्याशिवाय सोडणं धोक्याचं आहे.

उपयोगाची सही आणि नुसती सही यांतला फरक ओळखायला एक कसोटी आहे: सही करणारा माणूस काही तपासतो का, आणि नंतर बिघडलं तर त्याला जाब विचारता येतो का? चाचणी प्रमुखाची सही या कसोटीला उतरते. 'माहितीसाठी' म्हणून जोडलेल्या पाच विभागप्रमुखांच्या सह्या उतरत नाहीत. त्या फक्त जबाबदारी पातळ करतात.

५. नोकिया एवढी मोठी होती, ती नेमकी कशानं मागे पडली? अँड्रॉइड घेतलं नाही म्हणून?

ते कारण वरवरचं आहे. नोकियाकडे टचस्क्रीनच्या उपकरणांसाठी लिनक्सवर चालणारी मेमो नावाची स्वतःची प्रणाली होती, आणि ती २००५ पासून होती. ७७० हे पहिलं उपकरण आयफोनच्या दीड वर्षाहून अधिक आधी बाजारात आलं. पण ७७०, एन८०० आणि एन८१० या तिन्हींत सिमकार्डाला जागाच नव्हती. फोनचा धंदा सिंबियन या नोकियाच्या जुन्या फोन प्रणालीच्या विभागाचा होता. मेमोला सिम मिळालं ते २००९ च्या अखेरीस आलेल्या एन९०० मध्ये.

खरं नुकसान पुढे झालं. मेमो जमत आली असताना फेब्रुवारी २०१० मध्ये ती इंटेलच्या मोब्लिन या लिनक्स प्रणालीत विलीन करून मीगो नावाची नवी प्रणाली करायचं जाहीर झालं. स्क्रीनवरची बटणं आणि खिडक्या ज्या साधनानं रचल्या होत्या ते जीटीके बाजूला ठेवून क्यूटी घेणं आधीच चालू होतं. क्यूटी बनवणारी ट्रोलटेक ही कंपनी नोकियानं २००८ मध्ये विकत घेतली होती. त्यात सॉफ्टवेअर बांधायची डेबियनची पद्धत सोडून आरपीएम पद्धतीकडे जाण्याचा नवा ताण आला. म्हणजे चालत्या घराचा पाया आणि भिंती एकाच वेळी बदलायला काढल्या. दोन कंपन्यांच्या समित्या आता एकाच निर्णयावर बसू लागल्या. एन९०० नंतरचा फोन, एन९, दुकानात यायला सप्टेंबर २०११ उजाडला, आणि त्यातही शेवटी डेबियनचीच पद्धत राहिली. तोपर्यंत ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियानं मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन स्वीकारल्याचं जाहीर करून टाकलं होतं. एन९ बाजारात आला तेव्हा त्याच्या प्रणालीला कंपनीत भविष्यच उरलं नव्हतं.

सिंबियनकडेही हेच. २००४ मध्ये कंपनीची रचना आडव्या-उभ्या जाळीसारखी केली गेली, त्यामुळे एका माणसाला दोन-दोन वरिष्ठ आणि एका निर्णयाला अनेक मालक झाले. मायक्रोसॉफ्टला फोनचा धंदा विकण्याची घोषणा सप्टेंबर २०१३ मध्ये झाली आणि व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पुरा झाला.

६. तिथल्या इंजिनिअरना हे दिसत नव्हतं का?

दिसत होतं. नोकियातले व्यवस्थापक, इंजिनिअर आणि बाहेरचे जाणकार अशा ७६ जणांच्या मुलाखतींवर आधारलेल्या एका अभ्यासात भीती हे मुख्य कारण आढळलं. वरच्या मंडळींना प्रतिस्पर्ध्यांची आणि गुंतवणूकदारांची भीती होती. मधल्या फळीला वरच्यांची भीती होती. त्यामुळे 'हे सॉफ्टवेअर या तारखेला होणार नाही' हे वाक्य खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर मऊ होत गेलं. शेवटच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचं 'थोडे प्रयत्न लागतील' झालेलं असतं.

७. माझ्या मित्राला अपडेट आलं, मला नाही. फोन तोच, दोघांनी नवी पेठेतून एकाच दिवशी घेतलेला. असं का?

बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडतात: आधी अगदी थोड्या फोनना, मग दोष दिसला नाही तर वाढवत नेतात. एक-दोन आठवडे थांबा.

त्यानंतरही आलं नाही तर मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहा. नाव एकच असलं तरी आतली चिप किंवा प्रदेश वेगळा असू शकतो. सॅमसंगमध्ये 'सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन'खाली प्रदेशाचा कोड दिसतो. भारतासाठी तो आयएनएस असतो. दुबईहून आणलेल्या फोनचा वेगळा असेल आणि त्याचं वेळापत्रकही वेगळं राहील. हीच ती प्रश्न ३ मधली ९६ शाखांची गोष्ट.

८. २०२२ मध्ये ५जी फोन घेतला, शहरात ५जी आलं, तरी फोनमध्ये दिसेना. फसवणूक होती का?

फसवणूक नव्हती. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं, तेव्हा पुष्कळ फोनमध्ये यंत्र तयार होतं पण सॉफ्टवेअरमधून ते बंद ठेवलेलं होतं. प्रत्येक सिम कंपनीसोबत प्रत्येक मॉडेलची चाचणी होऊन मंजुरी मिळाल्यावरच ते उघडतात. जिओनं ५जीचं स्वतंत्र जाळं उभारलं, एअरटेलनं ४जीच्या आधारावरचं, त्यामुळे चाचण्याही दोन प्रकारच्या झाल्या. आयफोनना हे अपडेट आयओएस १६.२ सोबत १३ डिसेंबर २०२२ ला मिळालं. म्हणजे यंत्र आणि प्रणाली दोन्ही एकाच कंपनीची असूनही अडीच महिने गेले.

९. आठ-दहा हजारांच्या फोनला अपडेट का येत नाही?

कारण पुष्कळदा तो फोन ज्या कंपनीचं नाव खोक्यावर असतं तिनं घडवलेलाच नसतो. आराखडा आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या कंत्राटी कारखान्याचं असतं. किती दुरुस्त्या द्यायच्या हे करारात लिहिलेलं असतं. त्या संपल्या की पुढच्या प्रत्येकीचे वेगळे पैसे. चिप कंपनीनं त्या चिपचा आधार थांबवला तर मोठ्या आवृत्तीचं काम आणखी महाग होतं.

अशक्य मात्र नसतं. २०१५ च्या फेअरफोन २ मधल्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपला क्वालकॉमनं अँड्रॉइड ७ साठी आधार दिला नाही. तरीही त्या छोट्या कंपनीनं स्वतः काम करून त्या फोनला पुढे अँड्रॉइड १० पर्यंत नेलं. आधार मार्च २०२३ पर्यंत दिला.

१०. 'चार वर्षं अपडेट' असं लिहिलंय. ती कधीपासून मोजायची?

तुमच्या खरेदीपासून नाही. बहुतेक कंपन्या मॉडेल पहिल्यांदा बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजतात. दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर हातात दोनच वर्षं उरतात. खोक्यावरचा उत्पादनाचा महिना पाहून फसू नका, तो त्या नगाचा असतो, मॉडेलचा नव्हे.

घेण्याआधी तीन गोष्टी लेखी पाहा: मोठ्या आवृत्त्या किती, सिक्युरिटी पॅच किती वर्षं, आणि पॅच महिन्याला येणार की तिमाहीला. तिसरी गोष्ट सगळ्यांकडून सुटते. मुदतीच्या शेवटी मासिक पॅच तिमाही आणि मग सहामाही होतो, तरी 'आधार चालू' असंच दाखवतात. पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि गॅलेक्सी एस२४ ला २०२४ मध्ये सात वर्षांचं वचन मिळालं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासूनच्या नियमानुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यावी लागतात. मोजणीची ही पद्धत ग्राहकाच्या बाजूची आहे, पण तो नियम तिथला आहे. इथे तो धरून चालू नका.

११. फोनमध्ये दोन ब्राउझर, दोन गॅलरी, दोन असिस्टंट. हा गोंधळ कशासाठी?

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: संस्था जी यंत्रणा बनवते तिची घडण त्या संस्थेतल्या आपसातल्या संवादासारखीच होते. फोन उघडून पाहा. एक गॅलरी गूगलशी झालेल्या करारातून आली, दुसरी कंपनीच्या स्वतःच्या विभागाची. दोन्ही विभागांवर अधिकार चालेल असा माणूस दोन पायऱ्या वर आहे आणि त्याच्यापुढे हा विषय येतच नाही. नको असलेलं अ‍ॅप दाबून धरून 'डिसेबल' करा. काढता आलं नाही तरी ते चालणं थांबतं.

१२. प्रोजेक्ट ट्रेबलनं हे सगळं सुटणार होतं ना?

काही अंशी सुटलं. गूगलच्या या योजनेत २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून चिपचा भाग आणि मूळ प्रणाली यांच्यात पक्की सीमा आखली गेली, म्हणजे दर वेळी चिप कंपनीची वाट पाहायला नको. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही महत्त्वाचे भाग प्ले स्टोअरसारखे परस्पर अपडेट होऊ लागले. हेच प्रश्न १ मधलं तिसरं अपडेट. यानं बाहेरची साखळी आखूड झाली. प्रश्न ३ मधली आतली टेबलं तशीच राहिली. एलजीनं एप्रिल २०१८ मध्ये सोलमध्ये अपडेटसाठी स्वतंत्र केंद्र उघडलं, तरी अपडेटचा वेग फारसा बदलला नाही. तीन वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, कंपनीनं फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

१३. मे महिन्यात अपडेट अर्ध्यावर थांबतं किंवा फोन तापतो. काय करू?

सोलापुरात दुपारी पारा ४० च्या वर असतो. तापलेला फोन आधी चार्जिंग मंद करतो, मग जड काम पुढे ढकलतो. रात्री दहानंतर करा. कव्हर काढा, बॅटरी ५० टक्क्यांच्या वर ठेवा, मोठ्या आवृत्तीसाठी ८ ते १० जीबी मोकळी करा आणि घरचं वायफाय वापरा. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन गरम राहणं आणि बॅटरी लवकर उतरणं सहसा नॉर्मल असतं, कारण आत अ‍ॅपची जुळवाजुळव चालू असते. तीन दिवसांनंतरही तसंच राहिलं तर पुढचा प्रश्न पाहा.

१४. कंपनीकडे तक्रार केली, 'फोन रीसेट करा' एवढंच उत्तर आलं. तक्रार पुढे कशी जाईल?

पहिला माणूस ठरलेलं उत्तर वाचतो. त्याला ती बंद करता येणार नाही अशी लिहा. मॉडेल क्रमांक आणि बिल्ड क्रमांक (सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा) पूर्ण द्या. दोष कसा घडवायचा ते पायऱ्यांत सांगा: 'कॉल लावला, फोन कानाला लावला, दहा सेकंदांनी खाली घेतला, स्क्रीन उजळली नाही. दहापैकी सात वेळा.' सोबत दुसऱ्या फोननं घेतलेला व्हिडिओ जोडा. 'फोन नीट चालत नाही' या तक्रारीला मालक मिळत नाही. पायऱ्या लिहिलेल्या तक्रारीला मिळतो, कारण ती चाचणी विभागाला जशीच्या तशी करून पाहता येते.

लॉग हवा असेल तर बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारून 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडा आणि 'बग रिपोर्ट' घ्या. दोष दिसल्यावर लगेच घ्या, जुन्या नोंदी पुसल्या जातात. त्यात तुमची खासगी माहितीही असते, म्हणून तो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, फक्त कंपनीच्या फीडबॅक अ‍ॅपमधून पाठवा.

१५. अपडेटनंतर फोन बिघडला. जुनं सॉफ्टवेअर परत टाकून मिळेल का?

सहसा नाही. भोक असलेली जुनी आवृत्ती कुणी मुद्दाम टाकू नये म्हणून फोन मागे जायला नकार देतो. सॅमसंगच्या बिल्ड क्रमांकात मागून (अक्षरंही मोजून) पाचवा अंक बूटलोडरचा असतो, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या भागाचा. तो अंक वाढला असेल तर खालच्या अंकाचं सॉफ्टवेअर बसत नाही. 'करून देतो' म्हणणाऱ्याला आधी हे विचारा, नाहीतर फोन पूर्ण बंद पडू शकतो.

वॉरंटीत असेल तर सेवा केंद्रातून जॉब शीट घ्याच, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. बिल, जॉब शीट, स्क्रीनशॉट आणि वचन दिलेली जाहिरात जोडा. अपडेटचं वचन लेखी नसेल तर बाजू कमकुवत राहते.

१६. कंपनीनं सोडून दिलेल्या फोनवर कस्टम रॉम टाकावा का?

कस्टम रॉम म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली फोनची प्रणाली. दुसरा फोन असेल तर टाका, लिनिएजओएससारखे पर्याय चांगले आहेत. एकच फोन असेल आणि त्यावर यूपीआय आणि बँक चालत असेल तर नको. बूटलोडर उघडताना सगळा डेटा पुसला जातो, काही कंपन्या त्यासाठी आठवडाभर थांबायला लावतात, आणि उघडलेल्या फोनवर पैशांची अ‍ॅप चालायला नकार देऊ शकतात.

१७. आमच्या फोनमध्ये 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' दिसतं. मराठीची चूक कुणाला सांगायची?

हा प्रश्न वालचंद कॉलेजचे विद्यार्थीही विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र म्हणजे दर्या, अर्थच बदलतो. आधी कीबोर्ड तपासा. 'ऱ' हे नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) अक्षर, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग 'य' असा क्रम हवा. साधा 'र' टाकला तर रफारच उमटणार. क्रम बरोबर असूनही चुकीचं दिसलं तर दोष फॉन्टचा किंवा अक्षरं जुळवणाऱ्या भागाचा. फोनची भाषाही मराठी ठेवा. ती हिंदी असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येऊ शकतात.

फोन कंपनीकडे अशी तक्रार बहुधा भाषांतराच्या कंत्राटदारापर्यंत जाऊन थांबते, कारण तिथे मराठी वाचणारा माणूस निर्णयाच्या जागी नसतो. म्हणून थेट मुळाशी जा. अँड्रॉइडमध्ये अक्षरजुळणी हार्फबझ करतं, फॉन्ट बहुधा नोटो असतो, आणि तारखा, महिने, वर्णक्रम यांचा मराठी तपशील युनिकोडच्या सीएलडीआर संचातून येतो. तिन्हींकडे कुणालाही दोष नोंदवता येतो. नेमका अक्षरक्रम, दिसलेलं चित्र, अपेक्षित चित्र आणि फॉन्टची आवृत्ती एवढं द्या. तिथे झालेली दुरुस्ती पुढच्या आवृत्त्यांतून सगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये उतरते. हाच मार्ग कन्नड आणि तेलुगूलाही लागू आहे, आणि त्या भाषा लिहिणारी घरं आपल्या शहरात भरपूर आहेत. तेलुगू जोडाक्षरांचे दोष आमच्याकडे जास्त येतात. अचूक उदाहरणं लिहून पाठवणारी माणसं कमी पडतात.